जागा पुरत नाही म्हणून बाळ गप्प होत नाही

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, रात्री साडेनऊला भाचीचा फोन. पहिलं बाळंतपण म्हणून ती तासगावला माहेरी आलेली, सदतिसावा आठवडा चालू. "मावशी, दुपारपासून बाळ गप्पच आहे गं. आई म्हणती नववा लागला की असंच असतंय, जागाच पुरत नाही त्याला." मागून ताईचा आवाज, अगं लिंबू सरबत दे तिला, गोड गेलं पोटात की खेळतंय बाळ. मी कराडला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, पण तिला म्हटलं सरबत राहू दे, डाव्या कुशीवर झोप, पोटावर हात ठेव आणि मोज, आणि नाही हललं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, गाडी काढा.

ही "जागा पुरत नाही" गोष्ट मी आजीकडून ऐकलीय, शेजारणींकडून ऐकलीय, आता व्हॉट्सॲपवर पण फिरती. त्यात अर्धंच खरं आहे. जागा कमी होते हे खरं, त्यामुळं हालचालीचा प्रकार बदलतो, पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या कोलांट्या जातात आणि त्याजागी रेटा, ढुशी, पोटाच्या एका बाजूला गोळा सरकल्यासारखं असं चालू होतं. पण हालचाल कमी होत नाही. ३२ आठवड्यांपर्यंत ती वाढत जाते आणि तिथून पुढं बाळंतपणापर्यंत साधारण तेवढीच राहते. अगदी कळा चालू असताना सुद्धा बाळ हलत असतं.

मग बाळ गप्प का होतं? एक कारण साधं, ते झोपतं. नायहाउस आणि प्रेख्टल या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये शेवटच्या महिन्यांतल्या बाळाच्या चार अवस्था मांडल्या, गाढ झोप, चुळबुळीची झोप, शांत जागं आणि धिंगाणा घालणारं जागं. गाढ झोप एका वेळी २० ते ४० मिनिटांची असते, ९० मिनिटांच्या पुढं क्वचितच जाते. म्हणजे तासभर शांतता असली तर बहुतेक झोप. अख्खी दुपार शांतता असेल तर मात्र दुसरं कारण बघावं लागतं, आणि ते कारण म्हणजे ऑक्सिजनचा हिशोब, जो मला शरीरशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटतो.

पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसात पाणी असतं, हवा नसते. सगळा ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेत (प्लॅसेंटात) आणि वारेतून नाळेनं बाळाकडे येतो. आईच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब साधारण ९५ ते १०० (पारा मिलिमीटरमध्ये), आणि नाळेतून बाळाकडे जे सगळ्यात चांगलं रक्त येतं त्यात तो जेमतेम ३० च्या आसपास. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट मेंढ्यांच्या पोटातल्या पिल्लांवर काम करायचे, त्यांच्या कामातूनच "गर्भातलं एव्हरेस्ट" ही उपमा आली. आणि ती नुसती उपमा नाही बरं का, २००७ साली एव्हरेस्टवरून उतरताना ८४०० मीटरवर चार गिर्यारोहकांचं रक्त काढून तपासलं तेव्हा त्यांचा दाब सरासरी २४.६ निघाला होता. तिथं माणसाला बुटाची झिप ओढायला दम लागतो आणि इथं बाळ त्याच्या जवळपासच्या दाबावर नऊ महिने वाढतंय, लाथा मारतंय, उचक्या देतंय.

जमतं कसं? बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या, बाळाच्यात बीटाच्या जागी गॅमा. आपल्या तांबड्या पेशीत २,३-बीपीजी नावाचा एक रेणू असतो, तो दोन बीटा साखळ्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. गॅमा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडिन हे अमिनो ॲसिड नसतं, सेरीन असतं, हिस्टिडिनवरचा धन भार गेला की ऋण भाराच्या बीपीजीची तिथली पकड ढिली पडते, आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं. म्हणून आपलं हिमोग्लोबिन निम्मं भरायला २७ चा दाब लागतो, बाळाचं १९-२० लाच निम्मं भरतं. मुख्यतः एका अमिनो ॲसिडची करामत! वर्गात हे शिकवताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. शिवाय हिमोग्लोबिनचं प्रमाणही जास्त, पूर्ण दिवसाच्या बाळाचं १६-१७, तर आईचं ११ असलं तरी आपण हुश्श म्हणतो.

पण शिल्लक फार नसते. वार नीट काम करेनाशी झाली, आईचं बीपी वाढलं, नाळ दाबली गेली, की पुरवठा आटतो आणि मग बाळाचं शरीर जे करतं ते आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. धरणात पाणी कमी असलं की पहिलं पिण्याचं राखून ठेवतात आणि शेतीचं आवर्तन लांबवतात, तसंच. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रीनल ग्रंथी यांचं रक्त राखलं जातं, हातपाय, आतडी, मूत्रपिंडं यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मूत्रपिंडाला रक्त कमी म्हणजे लघवी कमी, आणि शेवटच्या महिन्यांत पोटातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच, म्हणून सोनोग्राफीत डॉक्टर "पाणी कमी झालंय" म्हणतात तेव्हा ते कधी कधी ह्याच काटकसरीचं लक्षण असतं. आणि हातपाय हलवणं हा असा खर्च आहे की जो थांबवला तर लगेच बचत होते. म्हणून बाळ गप्प होतं. ही खूण आईला घरबसल्या कळते, मशीन लागत नाही.

मोजायचं कसं, तर २८ आठवड्यांनंतर, संध्याकाळी, कारण तेव्हा बाळं जास्त हलतात. कुशीवर पडून (उताणं नको, गर्भपिशवीच्या वजनानं मागची मोठी शीर दाबली जाते) दोन तासांत दहा हालचाली व्हायला पाहिजेत. बहुतेकींना त्या अर्ध्या तासातच मिळतात. आकड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या बाळाची रोजची सवय, ती बदलली की दवाखान्यात जायचं. इथं एक प्रामाणिकपणे सांगते, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून जास्त गरोदरपणांवर एक मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली, त्यात हालचालींबद्दल जागरूकता वाढवून पोटात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ठोसपणे कमी झालं असं दिसलं नाही, सिझर मात्र वाढले. त्यामुळं मोजणं हा काही रामबाण नाही. आणि अशी तक्रार घेऊन आलेल्या दहापैकी सातजणींचं पुढं सगळं सुरळीत होतं. पण उरलेल्या तिघींतली आपण आहोत का हे सरबत पिऊन कळत नाही, सरबतानं बाळ जागं होतं याला धड पुरावा नाही आणि वाट बघण्यात वेळ जातो तो वेगळाच.

उजवीकडे लाथ मारतं म्हणजे मुलगा, हे अजून आपल्या सातारा-सांगलीत शिकलेल्या घरात ऐकते मी. बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला हातपाय लागतात, बास, एवढंच त्यातलं विज्ञान. ज्या भागात मुली कमी म्हणून १९९४ चा गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा गावोगाव समजावून सांगावा लागला तिथं असलं बोलणं गंमत म्हणून सुद्धा करू नये.

भाचीला त्या रात्री नेलंच. पोटाला दोन पट्टे बांधले, हातात बटण दिलं, बाळ हललं की दाब म्हणून. वीस मिनिटं कागदावर बाळाच्या ठोक्यांची रेघ १३५ च्या आसपास नुसती सपाट. सिस्टर म्हणाल्या झोपलं असेल, थांबूया. पंचविसाव्या मिनिटाला भाचीनं बटण दाबलं आणि त्याच वेळी रेघ वर चढली, १५५, १६०, थोडा वेळ तिथं टिकली आणि खाली आली. हललं की ठोके वाढले म्हणजे मेंदू, नसा आणि हृदय यांना ऑक्सिजन पुरतोय. असं दोनदा झाल्यावर घरी सोडलं.

कळांमध्ये हाच हिशोब अजून कडक होतो. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गर्भपिशवीच्या स्नायूतूनच जातात, कळ भरात आली की त्या दाबल्या जातात आणि मिनिटभर पुरवठा जवळजवळ थांबतो, दोन कळांच्या मधल्या वेळात बाळ ती भरपाई करतं. पोटात त्याचा श्वास घेतल्यासारखी छाती हलवण्याचा जो सराव चालू असतो तो सुद्धा ते कळांमध्ये जवळपास बंद ठेवतं. म्हणून "लवकर मोकळी करा, कळांचं इंजेक्शन वाढवा" असं नातेवाईकांनी डॉक्टरांच्या मागं लागू नये, दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा झाल्या की भरपाईला वेळच उरत नाही. डोकं वळतं ते मात्र बाळ स्वतः वळवत नाही. ओटीपोटाचं वरचं तोंड आडवं रुंद, १३ सेंटीमीटर, खालचं पुढून मागे रुंद, त्यामुळं जुन्या वाड्याच्या बोळातून कपाट काढताना जसं वळवावं लागतं तसं डोकं आडवं शिरतं आणि कळांचा रेटा आणि तळाचे स्नायू त्याला पाव फेरा देऊन बाहेर काढतात.

भाचीला पंधरा दिवसांनी मिरजेत मुलगी झाली. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला बाळाच्या रक्तात ऑक्सिजन ६०-६५ टक्केच असतो, दहा मिनिटांत तो ९० च्या आसपास जातो, एव्हरेस्टवरून खाली यायला तेवढाच वेळ. आता ती तीन महिन्यांची आहे, पाळण्यात दोन्ही पायांनी दणादण लाथा मारते आणि तिच्या रक्तात ते गॅमावालं हिमोग्लोबिन अजून थोडं शिल्लक आहे, सहा महिन्यांची होईपर्यंत तेही बहुतेक संपेल.