सायलेन्सर चोरीला गेला? एफआयआरपासून विम्याच्या पैशांपर्यंत

सकाळी किल्ली फिरवली आणि रोजची शांत गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जायला लागली, तर बॉनेट उघडत बसू नका. इंजिन बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गाडीखाली वाकून बघा. जिथे नळी असायची तिथे मोकळी जागा, कापलेल्या कडा चकाकताहेत किंवा फ्लँजचे बोल्ट गायब, आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर लोंबकळतेय. हे दिसलं की समजा, सायलेन्सर रात्रीच गेला.

चोराला सायलेन्सरचा पत्रा नको असतो. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन यांचं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये करणं हे त्याचं काम. हा ठोकळा फोडून जी पूड निघते तिला या धंद्यात ‘माती’ म्हणतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या, त्या या मातीपायीच. पण तशी ‘माती’ कुठल्याही पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत असते. आपली गाडी इको नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

अशा वेळी बहुतेक जण आधी गॅरेज गाठतात, नवा सायलेन्सर बसवतात आणि मग पोलिसांचा आणि विम्याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे, आणि तो महागात पडतो.

पहिला तास

गाडी चालवू नका. सायलेन्सर नसला की धूर मागून न निघता मध्येच, गाडीच्या तळाखाली सुटतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो. मुलांना शाळेत सोडून मग बघू, हे तर मुळीच करू नका. गाडी टो करून न्या. खासगी कारच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत, गाडी चालवण्याजोगी राहिली नसेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा वाजवी खर्च १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. ही ओळ पॉलिसीत असते, पण ती वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

टो करण्याआधी फोटो काढा. एक दुरून, नंबरप्लेट आणि आजूबाजूची जागा दिसेल असा. दोन-तीन खालून, कापलेली कडा आणि लोंबणारी वायर दिसेल असे. खाली पडलेले नट, ब्लेडचे तुकडे उचलू नका, पंचनामा करणाऱ्यांना ते जागेवरच दिसू द्या. समोर कॅमेरा असेल तर त्या सोसायटीला किंवा दुकानदाराला लगेच गाठा, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

तक्रारीतले शब्द

आमच्या शेजारच्यांची गोष्ट सांगतो. त्यांचा सायलेन्सर गेला, ते ठाण्यात गेले, आणि तिथून ‘सायलेन्सर गहाळ झाल्याबाबत’ असा शिक्का मारलेला अर्ज घेऊन आले. विमा कंपनीने तो परत पाठवला: गहाळ म्हणजे हरवलं, हरवल्याचे पैसे पॉलिसीत नाहीत. मग ठाण्यात आणखी तीन फेऱ्या. पाकीट खिशातून पडतं. सायलेन्सर बोल्ट काढल्याशिवाय पडत नाही. पण कागदावर ‘गहाळ’ लिहिलं की ही साधी गोष्टही सिद्ध करत बसावी लागते.

म्हणून पोलिसांच्या पोर्टलवरची हरवलेल्या वस्तूंची नोंद तुमच्या कामाची नाही. नुसती एनसीही पुरत नाही, कारण एनसी असते अदखलपात्र गुन्ह्याची. ५,००० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी दखलपात्र आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ३०३(२) खाली चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा मागायचा तो एफआयआर.

तो कोण देऊ शकतो? गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानेच यायला पाहिजे असं नाही. रात्री गाडी लावणारा मुलगा किंवा ड्रायव्हरही देऊ शकतो. चाव्या कुणाकडे होत्या, गाडी कुणी लावली हे त्यालाच नीट सांगता येतं. मूळ मालकाचं नाव मात्र फिर्यादीत यायला हवं. मजकूर साधारण असा असू द्या:

‘मी काल रात्री १० वाजता सदर गाडी राहत्या इमारतीसमोर लॉक करून उभी केली होती. आज सकाळी ६ वाजता गाडी सुरू केली असता मोठा आवाज आला म्हणून खाली पाहिले. गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सायलेन्सर कोणीतरी अज्ञात इसमाने माझ्या संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेल्याचे दिसले.’

यात ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह’ हा शब्द विसरू नका. नुसतं ‘सायलेन्सर’ लिहिलं की मुद्देमालाची किंमत मागच्या डब्याएवढीच लावली जाण्याची भीती असते, आणि नंतर गॅरेजचं इस्टिमेट आलं की फिर्याद आणि बिल यांचा मेळ बसत नाही. शक्य असेल तर अधिकृत वर्कशॉपकडून फोनवर पार्टची किंमत विचारून घ्या आणि अंदाजे म्हणून तोच आकडा सांगा. गाडीचा नंबर, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून बघून लिहा, आठवणीतून नको.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १७३ तुमच्या बाजूचं आहे. ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही’ हे फिर्याद न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण मग ३ दिवसांच्या आत सही करावी लागते. ऑनलाइन पाठवून घरी बसलात तर तो एफआयआर नाही. नोंद झाली की प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार मिळालाच तर माहितीचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे पाठवतात. त्यानंतरही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बऱ्याचदा हे कलम नम्रपणे उच्चारलं तरी पुरतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणंही आता कायद्याने बंधनकारक आहे.

विमा: पात्रता आणि कागदपत्रं

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळणार नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा. पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्यात ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग आहे, तिच्यात चोरी हा धोका धरलेला असतो आणि तो फक्त अख्खी गाडी गेली तरच असं नाही.

दुसरी अट नावाची. गाडी सेकंडहँड घेतली आणि आरसीवर तुमचं नाव आलं, पण पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर ओन डॅमेजचा दावा अडकतो. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर आपोआप पुढे जातो, ओन डॅमेज जात नाही. त्यासाठी हस्तांतरणाच्या १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. घरातल्या घरात, वडिलांची गाडी मुलाच्या नावावर केली तेव्हा हा अर्ज राहून जाण्याचं प्रमाण फार आहे.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर किंवा ॲपवर, आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. पोलिसांकडे लगेच गेलात पण कंपनीला कळवायला उशीर झाला, तर तेवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या एका प्रकरणात २०२० मध्ये म्हटलं आहे. हे माहीत असावं, पण त्याच्या भरवशावर आठवडा घालवू नये.

फाइलमध्ये हे लागतं: भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, गाडी वापरणाऱ्याचं लायसन्स, एफआयआरची प्रत, गॅरेजचं इस्टिमेट, केवायसीसाठी पॅन आणि आधार, रद्द केलेला चेक, आणि काम झाल्यावर बिल व पैसे भरल्याची पावती. पीयूसी मागतील. पण वैध पीयूसी नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय. अख्खी गाडी गेली तर तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल, म्हणजे ‘अ समरी’, लागतो. एका भागाच्या चोरीत तोच मागून कुणी महिनोन्‌महिने थांबवत असेल, तर तो का हवा हे लेखी मागा.

विमा कंपनीची पाहणी होईपर्यंत नवा पार्ट बसवू नका. प्रमाणित पॉलिसीत मालकाला स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करण्याची मुभा आहे ५०० रुपयांपर्यंत. आजच्या काळात एवढ्यात सायलेन्सरचं गॅस्केट आलं तरी खूप.

दावा करावा की नाही

हा हिशेब एजंट सहसा मांडून दाखवत नाही. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात: पहिले ६ महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग २ वर्षांपर्यंत १०, ३ पर्यंत १५, ४ पर्यंत २५, ५ पर्यंत ३५, १० पर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलं असेल तर ही कपात नाही. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये स्वतःच्या खिशातून.

समजा गाडी साडेचार वर्षांची आणि पार्टचं बिल ४०,०००. ३५ टक्के गेले, उरले २६,०००. हजार वजा, हातात २५,०००. आता दुसरी बाजू. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के मिळणार होते असं धरलं, तर पाच वर्षांत मिळून ओन डॅमेज हप्त्याच्या १२५ टक्के एवढी सूट हातची जाते. बोनस धरण्याआधीचा हप्ता ८,००० असेल तर १०,००० रुपये. इथे दावा करणं शहाणपणाचं. पण गाडी सहा वर्षांची आणि बिल १५,००० असेल, तर ४० टक्के आणि हजार जाऊन हातात ८,००० येतात आणि बोनसमधले १०,००० जातात. तिथे दावा सोडा. एफआयआर मात्र तरीही करा.

कंपनीने कारण न पटणारं देऊन नाकारलं, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्ष. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. विमा नियामकाचा हेल्पलाइन नंबर १५५२५५.

नवा बसवताना, आणि त्याआधी

गॅरेजवाला हमखास सांगेल, ‘साहेब, साधी नळी टाकून देतो, दहाव्या हिश्शात काम होतं.’ नको. आवाज बंद होईल, पण चेक इंजिनचा दिवा लागेल आणि पीयूसी मिळायची अडचण होईल. प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसंच बिलाशिवाय मिळणारा स्वस्त ‘ओरिजिनल’ सायलेन्सर बहुधा तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी गाडीखालून आलेला असतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही आरोपी होतो.

नवा पार्ट बसला की त्याच लिफ्टवर कन्व्हर्टरच्या बाहेरच्या पत्र्यावर एनग्रेव्हरने गाडीचा नंबर किंवा चॅसी नंबरचे शेवटचे आकडे कोरून घ्या आणि फोटो काढा. खोल कोरायचं नाही, नुसतं वाचता आलं की झालं. फॅब्रिकेटरकडून खाली लोखंडी जाळी बसवता येते. ती थेट कन्व्हर्टरला वेल्ड करू देऊ नका, चॅसीला बोल्टने धरा आणि हवा खेळायला जागा ठेवा, तो भाग प्रचंड तापतो. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी वर्कशॉपला विचारा. एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने प्रमाणित केलेल्या अँटी थेफ्ट यंत्राला ओन डॅमेज हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट आहे, पण जाळीला ती मिळत नाही.

कोरलेल्या नंबरचा खरा उपयोग टोळी पकडली गेल्यावर होतो. गोदामात पन्नास सायलेन्सर सापडतात, सगळे एकसारखे, आणि पोलीस फिर्यादींना ओळख पटवायला बोलावतात. ओळख पटली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली न्यायालयात अर्ज करून मुद्देमाल ताब्यात मागता येतो. विम्याचे पैसे घेतले असतील तर आधी कंपनीला कळवा, कारण तो पार्ट आता एकट्या तुमचा राहिलेला नसतो.