मोटरहोमचा गिअरबॉक्स चढावर का तापतो?

"ऑटोमॅटिक आहे, 'डी'ला टाका आणि विसरून जा." अमेरिकेत सुट्टीसाठी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणाऱ्या आपल्या मंडळींना हा सल्ला हमखास मिळतो. सपाट रस्त्यावर तो चालतोही. चढावर मात्र तो महागात पडू शकतो.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगसला जाताना बेकर नावाचं गाव लागतं. तिथे 134 फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 साली 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे 56.7 सेल्सिअस नोंदले गेले, त्याची ती खूण. इथून हॅलोरन समिट या खिंडीपर्यंत साधारण 27 किलोमीटरांत रस्ता साडेनऊशे मीटर चढतो. फोर्डच्या ई-450 चासीवरचं (म्हणजे सांगाड्यावर बांधलेलं) सामानासकट भरलेलं मोटरहोम असतं साडेसहा टनांचं. ते ताशी 80 किलोमीटरने वर न्यायला नुसत्या उंचीपायी 50 किलोवॉट लागतात. हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण धरलं की आकडा 90 च्या घरात जातो.

ही सगळी ताकद इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाते ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, आणि माझा जीव या यंत्रावर आहे. हर्मन फोटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन भरधाव फिरायची, जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. दोघांची सांगड तेवढी घालायची होती.

तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर दोन पात्यांची चक्रं असतात. एक इंजिनाला जोडलेलं, त्याला पंप म्हणतात. दुसरं गिअरबॉक्सला जोडलेलं, ते टर्बाइन. पंप तेल भिरकावतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं आणि टर्बाइन फिरू लागतं. दोघांत धातूचा सांधा नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असूनही इंजिन बंद पडत नाही. पण एवढंच असतं तर जेवढा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) आत गेला तेवढाच बाहेर आला असता. खरी करामत मधल्या तिसऱ्या चक्राची, स्टेटरची. टर्बाइनमधून परतणारं तेल पंपाच्या उलट दिशेने येतं. स्टेटरची पाती ते वळवून पंपाच्या दिशेने सोडतात. तेल वळवताना स्टेटरवर उलटा रेटा बसतो. एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचमुळे त्याला मागे सरकता येत नाही, म्हणून तो रेटा गिअरबॉक्सच्या कवचावर जातो. टर्बाइनला मिळणारा पीळ म्हणजे इंजिनाचा पीळ अधिक स्टेटरचा. गाडी जागची हलताना तो दुपटीपर्यंत जातो. टर्बाइनचा वेग पंपाच्या साधारण 85-90 टक्क्यांवर आला की तेल स्टेटरच्या पाठीवर आदळू लागतं, क्लच सुटतो, स्टेटर मोकळा फिरतो आणि पीळ वाढणं थांबतं.

पीळ वाढला तरी शक्ती वाढत नाही. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. टर्बाइनचा वेग पंपाच्या 80 टक्के आणि पीळ 1.1 पट असेल, तर बाहेर पडते 88 टक्के शक्ती. उरलेले 12 टक्के तेल घुसळण्यात जातात, त्यांची उष्णता होते. आपल्या चढावर हे 10 किलोवॉटच्या वर, म्हणजे न्हाणीघरातले 2 किलोवॉटचे पाच गीझर एकदम चालू. तेल असतं साधारण 15 लिटर. तेल थंड करणारा कूलर नसता आणि धातूने शोषलेली उष्णता सोडून दिली, तर ते मिनिटाला वीसेक अंशांनी तापलं असतं.

म्हणूनच आजच्या कन्व्हर्टरमध्ये लॉकअप क्लच असतो. तो पंप आणि टर्बाइन थेट जोडतो. दोघांच्या वेगातला फरक, म्हणजे घसरण, संपली की ही उष्णताही संपली. गोम अशी, की वरच्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की कॉम्प्युटर जास्त पिळासाठी लॉकअप सोडतो. मग गिअर खाली-वर होत राहतात आणि तेल तापत जातं. टो/हॉल बटण (जड ओझ्यासाठीचं, वरचा गिअर लवकर पडू न देणारं) दाबा किंवा हाताने खालचा गिअर घ्या, वेग थोडा कमी ठेवा. इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका. त्या फेऱ्यांवर लॉकअप टिकतो आणि तेलपंपही कूलरकडे जास्त तेल ढकलतो. एसी बंद केला तर पुढच्या कूलरला कमी तापलेली हवा मिळते. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे, 3,400 मीटरवर, हवाच जवळपास 30 टक्के विरळ असते. तिथे इंजिन आणि कूलर दोघेही लंगडे.

तेलाचं तापमान 80 ते 95 सेल्सिअस ठीक. 120 पार करून वर जाऊ लागलं तर सुरक्षित जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. पार्किंग ब्रेक लावून न्यूट्रलमध्ये थोडी रेस ठेवा. कन्व्हर्टरवर भार नाही आणि तेल कूलरमधून फिरतंय, तर ते लवकर उतरतं.

'जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो' ही समजूत आपल्याकडेही आहे, तिकडेही. बहुतेक लोक गिअर घसरायला लागल्यावरच तेल बदलतात. मरणाऱ्या गिअरबॉक्सचा आळ नव्या तेलावर येतो. आणि बाटलीतलं कुठलंही 'थंड ठेवणारं' औषध ओतून या दहा किलोवॉटचे पाच होत नाहीत.

सगळ्यात वाईट गिऱ्हाईक मात्र घाट नसून कॅम्पसाइट असते. गाडी समतल करण्यासाठी मागची चाकं ठोकळ्यांवर चढवताना पाय दाबलेला असतो आणि चाक जागचं हलत नसतं. टर्बाइनचा वेग शून्य, म्हणजे बाहेर पडणारी शक्तीही शून्य, आणि इंजिनाने दिलेली सगळीच्या सगळी तेलात. तिथे काही सेकंदांत चाक चढलं नाही तर पाय काढा, ठोकळा थोडा पातळ घ्या आणि पुन्हा बघा.