शोरकोट रोडवर पडलेलं सुखोई: १९७१ च्या बेपत्ता वैमानिकांची पार्श्वभूमी

संसदेत अधूनमधून एकच प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही ठरलेलं असतं. भारताचे ८३ बेपत्ता सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात आहेत असं सरकार मानतं, पाकिस्तान ते मान्य करत नाही. या ८३ मध्येच ती बहुचर्चित ५४ जणांची यादी आहे. त्यातले बहुतेक १९७१ च्या युद्धातले, आणि त्यांत हवाई दलाचे वैमानिक बरेच. त्या यादीतलं एक नाव मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटतं: फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा तळांवर हल्ले केले. त्याच रात्रीपासून भारतीय हवाई दलाने उलट मारा सुरू केला. दिवसाच्या हल्ल्यांचा मोठा भार सुखोई-७ वर होता. हे विमान आजच्या सुखोई-३० सारखं नव्हे. कारखान्याच्या नावापलीकडे दोघांत फारसं नातं नाही. एक इंजिन, एकच वैमानिक, काटक सांगाडा, पण इंधन पिणारं, त्यामुळे पल्ला तोकडा. शत्रूच्या धावपट्टीवर अगदी खालून जायचं, म्हणजे विमानवेधी तोफांच्या तोंडीच जायचं. ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे तांबे ५ डिसेंबरला पश्चिम पंजाबातल्या शोरकोट रोडच्या हवाई तळावर गेले आणि परतले नाहीत.

इथेच सगळ्या गुंत्याचं मूळ आहे. पायदळातला जवान पडला तर बहुधा शेजारी कोणी तरी असतो. एकट्याने उडवायचं विमान शत्रूच्या मुलुखात पडलं की वैमानिक बाहेर पडला का, जिवंत आहे का, हे फक्त समोरच्यालाच ठाऊक. समुद्रावर तर तेही नाही. १० डिसेंबरला कच्छच्या जखाऊजवळ नौदलाचं आलिझे विमान पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं. त्यात तिघं होते, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय त्यांतले एक. तिघांपैकी कोणीच सापडलं नाही. दोनच दिवसांनी त्याच बाजूच्या समुद्रावर भारतीय मिग-२१ ने एक स्टारफायटर पाडलं. पाकिस्तानी विंग कमांडर मिडलकोट पॅराशूटने उतरताना दिसले, पण तेही परत मिळाले नाहीत.

तांब्यांचं प्रकरण मात्र वेगळं ठरलं, कारण त्यांचं नाव पलीकडूनच आलं. युद्ध चालू असताना ढाक्याच्या एका इंग्रजी दैनिकाने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी छापली. त्यात ‘टोंबे’ असं आडनाव होतं. ढाका तेव्हा अजून पाकिस्तानात होतं. असं दुसरं आडनाव असलेला वैमानिक हवाई दलात नव्हता, असं घरच्यांचं म्हणणं. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. पुढे त्यांनी दिल्लीत जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि बाकीचं आयुष्य या शोधाला दिलं.

पकडलेले सगळेच वैमानिक हरवले असं नाही. रावळपिंडीच्या छावणीत डझनभर भारतीय वैमानिक होते. त्यांतले दिलीप पारुळकर, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ऑगस्ट १९७२ मध्ये भिंत फोडून पळाले. बसने पेशावर गाठलं, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खानाला जायची वाट विचारली. जुन्या नकाशावरचं ते रेल्वे स्टेशन इंग्रजांच्या काळातच बंद पडलेलं; असल्या जागी जायचं विचारणारे परकेच असणार, हे स्थानिकांनी ओळखलं. तिघं पुन्हा कैदेत गेले, आणि १ डिसेंबर १९७२ ला इतर कैद्यांसह वाघ्याहून मायदेशी आले. त्या रांगेत तांबे नव्हते.

आपल्याकडे तेव्हा पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी होते. सिमला करार जुलै १९७२ चा, कैद्यांच्या परतीचा दिल्ली करार ऑगस्ट १९७३ चा, आणि एप्रिल १९७४ पर्यंत शेवटची तुकडीही गेली. मला वाटतं, दबाव आणायचा काळ तो होता. आपले कैदी समोरच्याच्या यादीवर मोजून घेतले. यादीत नसलेल्यांचा हिशेब कागदोपत्री ‘बेपत्ता’ म्हणून पुढे ढकलला गेला. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे काही डझन नावं सौद्यात बसली नसावीत.

धागेदोरे तर होते आणि नंतरही येत राहिले. २७ डिसेंबर १९७१ च्या टाइम साप्ताहिकात गजांआड उभ्या भारतीय कैद्याचं छायाचित्र आलं. ते मेजर ए. के. घोष, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. मेजर अशोक सुरींच्या वडिलांना मुलाच्या हातची पत्रं मिळाली, पण ती आली १९७४ च्या अखेरीपासून पुढे. म्हणजे बदल्यात द्यायला आपल्याकडे काही उरलं नव्हतं तेव्हा.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत नावांची यादी ठेवली. म्हणजे माणसं तिकडे असावीत हे सरकारनेच लेखी धरलं. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत पोचले. २००७ मध्ये चौदा नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातल्या दहा तुरुंगांत फिरलं, आपलं माणूस कोणालाच भेटलं नाही. २०११ च्या अखेरीस गुजरात उच्च न्यायालयाने केंद्राला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी त्याला स्थगिती दिली. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राला सरळ विचारलं की ही माणसं जिवंत आहेत का. सरकारी वकिलांचं उत्तर होतं: माहीत नाही.