कासची फुलं आणि कॅमेऱ्याची उंची

सप्टेंबर लागला की कासचे फोटो मोबाइलवर यायला लागतात. खाली ठरलेली ओळ: 'नो फिल्टर, आहे तसं.' मग ते बघून आलेली माणसं पठारावर उभी राहून म्हणतात, "एवढीच फुलं? फोटोत तर गालिचा होता." फोटोवाल्यानं फसवलं असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा त्यानं कॅमेरा फक्त खाली नेलेला असतो.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, म्हणून झाडंही बुटकी. समजा, गेंदाचं १० सेंटिमीटर उंचीचं फूल तुमच्यापासून ३ मीटरवर आहे आणि तुमचा डोळा जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. फुलाच्या शेंड्याला चाटून जाणारी नजर मागे जमिनीला कुठे टेकेल? दहावीचे समरूप त्रिकोण आठवा: ३०० × १० ÷ (१५० − १०), म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर. फुलामागची वीतभर जमीन झाकली. पुढचं फूल त्याहून लांब असेल तर मधली माती दिसणारच. आता कॅमेरा १५ सेंटिमीटरवर आणा. छेदात १४० च्या जागी ५ येतात आणि झाकलेली जमीन होते ६ मीटर! एका फुलामागे ती चिंचोळी पट्टीच असते, पण शेजारची फुलं आपापल्या पट्ट्या झाकतात आणि माती, वाळकं गवत, खडक सगळं दडतं. कॅमेरा बरोबर १० सेंटिमीटरवर आला की छेद शून्य. मग ती नजर सपाट जमिनीला टेकतच नाही.

(धुक्यात फ्लॅश मारल्यावर उमटणारे पांढरे गोल 'आत्मे' म्हणून पुढे पाठवणाऱ्यांनो, ते लेन्ससमोरचे, फोकसबाहेरचे पाण्याचे थेंब आहेत. कृपा करून थांबवा.)

मांडून काढलेला फोटो ही निराळी गोष्ट. गेल्या हंगामात एकानं तोडलेला तेरडा खडकावर रचून लेन्ससमोर ठेवलेला मी पाहिला. देठ चिरडलेले, पाकळ्या मलूल. तिथं फुलं तोडायला बंदी आहे, तरीही. अशी मांडामांड कधीकधी आजूबाजूच्या वस्तूंवरून उघडी पडते. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटननं एकाच रस्त्याचे दोन फोटो काढले: एकात रस्ता मोकळा, दुसऱ्यात त्यावर तोफगोळे विखुरलेले. आधीचा कुठला, यावर पुढे खूप वाद झाला. उत्तर उतारावरच्या बारक्या दगडांनी दिलं. गोळेवाल्या फोटोत त्यांतले काही खाली सरकलेले दिसतात, आणि दगड आपणहून चढ चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा, गोळे नंतरचे.