शंट ब्लॉक का होतो, आणि आमच्याकडे येताना स्टिकर का आणायचा

‘वर्षसुद्धा झालं नाही आणि ब्लॉक झाला. माल खराब होता का?’ हा प्रश्न आमच्या दुकानाच्या काउंटरवर सतत येतो. शंट म्हणजे मेंदूत साठलेलं पाणी पोटात नेणारी, कातडीखाली बसवलेली नळी. लहान मुलांत पहिल्या वर्षातच दहातल्या तीन-चार शंटना पुन्हा हात लावावा लागतो, आणि हे जगभर असंच आहे. बनावटीतला दोष क्वचितच निघतो. तशी शंका सर्जनना आली, तर काढलेला व्हॉल्व्ह, म्हणजे ठरावीक दाबाला उघडून पाणी सोडणारी शंटची झडप, टाकून देऊ नका. लॉट नंबरसह आम्ही तो कंपनीकडे तपासायला पाठवतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. ते पोटात नेणारी नळी आतून जेमतेम एक ते दीड मिलिमीटरची. सर्वांत जास्त तुंबतं ते तिचं डोक्यातलं टोक. तिथल्या बारीक छिद्रांत कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे हे पाणी बनवणारी झालरच शिरते. शंट गरजेपेक्षा जास्त उपसू लागला, तर मेंदूतल्या पोकळ्या आक्रसतात आणि त्यांच्या भिंती छिद्रांवर बसतात. म्हणून शंटचा कानामागे कातडीखाली लागणारा फुगा ‘चालू आहे का’ बघायला घरी दाबत बसू नका. दाबून सोडला की आत ओढ निर्माण होते आणि तीच झालर छिद्रांत खेचली जाऊ शकते. शिवाय फुगा नीट भरला म्हणजे शंट चालू, असंही खात्रीनं म्हणता येत नाही.

व्हॉल्व्ह तुंबतो तो रक्तानं किंवा प्रोटीननं. टीबीच्या मेंदूज्वरात पाण्यात प्रोटीन बरंच वाढतं. अशा वेळी सर्जन काही दिवस पाणी बाहेरच्या पिशवीत काढतात, ते उगाच नाही. पाणी निवळायची वाट पाहत असतात. जंतुसंसर्ग झाला, तर नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो. हे बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतं.

पोटाकडचं टोक आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यात अडकतं, किंवा त्याभोवती पाण्याची गाठ होते. मूल उंच झालं की नळी अपुरी पडते. जुनी नळी मानेजवळ कडक होऊन तुटते. आणि साधी गोष्ट: मुलाला बद्धकोष्ठ असेल, तर पोटातला दाब वाढून शंट मंदावतो.

‘मग महागातला घेतला तर?’ आम्ही दोन्ही ठेवतो, तरी खरं ते सांगतो. युगांडातल्या एका रुग्णालयानं भारतीय बनावटीचा छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट यांची मुलांमध्ये तुलना केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर फारसा फरक दिसला नाही. बाहेरून प्रेशर बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हचा काहींना उपयोग होतो, पण छिद्रांत झालर शिरायची ती त्यातही शिरते.

आता जिथे खरा वेळ जातो ते. शंटच्या पाकिटात मॉडेल, प्रेशर आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर असतात. एक ऑपरेशनच्या नोंदीत जातो, दुसरा मागून घेऊन तुमच्या फाइलला लावा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. बहुतेक जण आणतात बिल, किंवा ‘मीडियम प्रेशरचा होता बहुतेक’ एवढी आठवण. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या मीडियमइतकंच असेल असं नाही. पुष्कळदा फक्त डोक्यातली नळी बदलायची असते आणि ती जुन्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बसावी लागते. मॉडेल कळलं नाही, तर एक्सरेवरच्या खुणा वाचत तास-दोन तास जातात. प्रेशर बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर शेवटचं सेटिंगही लिहून ठेवा. एमआरआयनंतर ते सरकलं नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.

फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. यात आमचा हट्ट नाही: सिलिकॉन हवेतली धूळ आणि कापसाचे तंतू ओढून घेतं. आत काय आहे ते बघायचं असेल, तर दुकानात नमुना ठेवला आहे, तो हाताळा.

उलट्या, सकाळची डोकेदुखी, वाढती झोप, दोन-दोन दिसणं, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, नजर खाली वळणं, यांतलं काहीही दिसलं तर आधी दुकानात येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. स्टिकरचा फोटो वाटेतून पाठवा. शंट आम्ही थिएटरच्या दारात आणून देतो, रात्रीसुद्धा. बिल सकाळी झालं तरी चालेल.