कांदळाची मुळं आणि सुकतीचे तास

26 जुलै जवळ आला की ठरावीक बातम्या यायला लागतात. कांदळवन दिन, गमबूट घालून चिखलात उभे राहिलेले पाहुणे, हातात एकेक रोप आणि वर मथळा: अमुक हजार रोपांची लागवड. युनेस्कोने 2015 मध्ये हा दिवस जाहीर केला आणि एरवी 'डासांची झाडी' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कांदळवनांकडे, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलांकडे, लोकांचं लक्ष गेलं, हे चांगलंच झालं. पण त्या रोपांचं पुढच्या जुलैपर्यंत काय झालं, ही बातमी सहसा कुठे वाचायला मिळत नाही.

श्रीलंकेत हा हिशेब मांडला गेला. 2004 च्या त्सुनामीनंतर तिथे कांदळं लावायची अगदी चढाओढ लागली होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संशोधकांनी अशा 23 जागा तपासल्या. लागवड झाली होती 1000 ते 1200 हेक्टरांवर आणि जगलं होतं 200 ते 220 हेक्टर. नऊ जागी तर एकही रोप उरलं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी जागाच चुकली होती, आणि जिथे लागवडीनंतर निगा राखली गेली होती तिथे जगणाऱ्या रोपांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं.

जागा चुकली म्हणजे नेमकं काय चुकलं, हे कळायला मुळांपाशी जावं लागतं. मला तर कांदळवनातली सगळ्यात भारी गोष्ट तीच वाटते.

खाडीच्या चिखलात हात घालून मूठभर गाळ वर काढा. वरचा पातळ थर तपकिरी असतो आणि लगेच खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा. ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणून तो वास. लोहाशी त्याची संयुगं होतात, म्हणून तो काळा रंग. मुळांच्या पेशींना हा वायू विषारी असतो. म्हणजे ज्या मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, ती अशा जागी वाढतात जिथे तो नाहीच, वर विषही आहे.

यावरचा उपाय म्हणजे हवा वरून आणायची. कांदळवनातल्या झाडांपैकी तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात, चिप्पीची त्याहून जाड आणि शंकूच्या आकाराची असतात. कांदळाची आधारमुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. या सगळ्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, त्यांना वल्करंध्रं म्हणतात. आतली ऊती स्पंजसारखी पोकळ असते आणि हवा तिच्यातून चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. हवेतून ऑक्सिजन पाण्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो, त्यामुळे ही पोकळी म्हणजे झाडाचा जीवच. काळ्या गाळात एखादं जिवंत बारीक मूळ सापडलं तर त्याच्याभोवती गंजाच्या रंगाची रेघ दिसते. मुळातून झिरपलेल्या ऑक्सिजनने आजूबाजूच्या लोहाला अक्षरशः गंज चढवलेला असतो, आणि त्या पट्ट्यात सल्फाइडचं विषही निकामी होतं.

1955 मध्ये शास्त्रज्ञ पेर शोलांडर, त्यांच्या पत्नी सुसान आणि सहकारी व्हान डाम यांनी या मुळांमधला वायू प्रत्यक्ष मोजला. कांदळाच्या मुळांची छिद्रं व्हॅसलिनने बंद केली, तर दोन दिवसांत आतला ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. तिवराच्या मुळांत तर भरती-ओहोटीबरोबर आतला दाबही खाली-वर होत होता.

हा दाब का बदलतो, ते जरा आकडे धरून बघू. मुळाच्या पोकळीत 100 मिलिलिटर हवा आहे, म्हणजे साधारण 21 मिलिलिटर ऑक्सिजन. भरती आली, छिद्रं पाण्याखाली गेली. छिद्रांचा पृष्ठभाग पाणी झटकणारा असल्याने पाणी आत शिरत नाही, पण हवाही येत नाही. मूळ श्वसन करतच राहतं. समजा त्याने 10 मिलिलिटर ऑक्सिजन वापरला. तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पण तो पाण्यात सहज विरघळतो आणि वायू म्हणून फारसा उरत नाही. पोकळीच्या भिंती ताठ असल्याने ती आक्रसत नाही. जागा तेवढीच आणि वायू 90 उरला, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला. ओहोटीला छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते. औषधाच्या ड्रॉपरमध्ये होतं तेच, फक्त इथे रबर दाबणारं कोणी नाही. मूळ स्वतःच्या श्वसनानेच आतला दाब कमी करतं.

इथवर बहुतेक लोकप्रिय लेख सांगतात आणि 'झाड श्वास घेतं' म्हणून थांबतात. पण हिशेब पुढे न्या. आत ओढली गेली 10 मिलिलिटर हवा, आणि तिच्यात ऑक्सिजन जेमतेम 2 मिलिलिटर! वापरला होता 10. उरलेले 8 ओढून येत नाहीत. ते हळूहळू, विसरणाने (म्हणजे जास्त ऑक्सिजनकडून कमीकडे आपोआप पसरत), छिद्रं उघडी असेपर्यंतच आत येऊ शकतात. म्हणून पाणी उतरतं की नाही एवढं बघून भागत नाही, ते किती तास उतरलेलं असतं यावर सगळं ठरतं.

जाता जाता आणखी एका आवडत्या गोष्टीचा समाचार घेतो. झाड सगळं मीठ एका पिवळ्या पानात साठवतं आणि ते पान इतरांसाठी बलिदान देतं, असं पर्यटकांना हमखास सांगितलं जातं. पानं तपासून पाहिली तेव्हा असं काही आढळलं नाही. पिवळं पान हे फक्त म्हातारं पान असतं. बरंचसं मीठ मुळांपाशीच अडवलं जातं आणि तिवर उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. तिवराचं पान चाटून बघा, खारट लागेल.

तर, सुकतीचे तास, म्हणजे ओहोटीला चिखल उघडा असतो ते तास. फ्लोरिडातले कांदळवन-तज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी वेस्ट लेक इथे जुन्या कांदळवनाची जमीन किती उंचीवर आहे ते मोजलं. ती जमीन सरासरी तीस टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली असायची, म्हणजे दिवसाला साधारण सात तास किंवा त्याहून कमी. त्यांनी शेजारची बिघडलेली जमीन खरवडून तेवढ्याच उंचीवर आणली, पाण्याची वाट मोकळी केली आणि कांदळं लावलीच नाहीत. भरतीबरोबर वाहत आलेली बीजं आपोआप रुजली. उलट आपल्याकडची 'मोकळी' जागा म्हणजे बऱ्याचदा खाडीच्या पार खालचा, जास्त वेळ बुडणारा चिखल असतो. त्या जागेवर कुणाचा हक्क नसतो, वाद नसतो, फोटोही छान येतो. कोवळ्या रोपाला श्वासमुळं फुटायलाही वेळ लागतो. तोवर ते गुदमरून जातं.

कुठला तुकडा किती वेळ उघडा पडतो, हे उपकरणं न लावता ज्यांना माहीत असतं, त्या म्हणजे सुकतीला तिसऱ्या (शिंपले) वेचायला आणि कालवं (ऑयस्टर) फोडायला चिखलात उतरणाऱ्या बायका. 'स्त्री म्हणजे निसर्गाचं मातृरूप' छाप भाषणं मला सहन होत नाहीत. इथलं कारण साधं आहे, कामाची वाटणी. पुरुष होडीने बाहेर समुद्रात जातात, बायका खाडीत. उधाणाला (मोठ्या भरतीला) पाणी कुठवर चढतं आणि भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) कुठवर उतरतं, यावरच त्यांचा दिवस ठरतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात याचा फार सुंदर दाखला आहे. राजधानी बांजुलला लागून तान्बीची पाणथळ जागा आहे. तिथली कालवं कांदळाच्या आधारमुळांनाच चिकटून वाढतात आणि ती काढतात बायका. पूर्वी कालवांसकट मूळच कापून आणायची पद्धत होती. वर व्हॅसलिनचा प्रयोग सांगितला. इथे तर छिद्रांसकट अख्खं मूळच तोडलं जात होतं. 2007 मध्ये फातू जान्हा म्बूब यांच्या पुढाकाराने या बायकांची 'ट्राय' ही संघटना उभी राहिली. मूळ न तोडता कालवं सोडवून घ्यायची, काढणी मार्च ते जूनच करायची आणि बाकीचे महिने कालवं वाढू द्यायची, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. कांदळंही लावली. 2012 मध्ये सरकारने तान्बीतल्या कालवांचे आणि शिंपल्यांचे हक्क या संघटनेलाच दिले. मला या हक्काचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं. उद्या दुसरं कोणी येऊन ओरबाडणार असेल, तर आज आठ महिने हात आखडता कोण घेईल?

आपल्याकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने 2017 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने कांदळवन सफर सुरू केली. बायकाच होडी वल्हवतात, झाडं ओळखायला शिकवतात. त्याच वर्षी राज्य सरकारची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना आली. खेकडे, कालवं, जिताडा यांचं पालन करणारे गट तिच्यातून उभे राहिले. झाड उभं राहण्यात रोजचा पैसा असला की राखण वेगळी ठेवावी लागत नाही.

आणि राखण म्हणजे किती बारीकसारीक काम! गुरंढोरं आणि शेळ्या दूर ठेवायच्या, रोपांना गुंडाळलेलं शेवाळ सोडवायचं, बुजलेली पाण्याची वाट मोकळी करायची. शिवाय प्लास्टिक. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचा 2021 चा अभ्यास सांगतो, की तिवराची मुळं थोडीफार प्लास्टिकखाली गेली तर झाड निभावून नेतं, पण पूर्ण झाकली गेली की पानं गळायला लागतात. खाडीत अडकलेली पिशवी उचलणं म्हणूनच नुसती साफसफाई ठरत नाही. ती उचलली की खालच्या मुळांची छिद्रं पुन्हा उघडतात.

हे काम लागवडीच्या आकड्यात कुठे बसत नाही. तेव्हा एखाद्या खाडीत मजुरी दर लावलेल्या रोपामागे न ठरवता तीन पावसाळ्यांनंतर उभ्या असलेल्या झाडामागे ठरवून बघावी. झाडं मोजायला रोज सुकतीला तिथेच असणाऱ्या बायकांना बसवावं, आणि जागा निवडायच्या दिवशीही त्यांनाच आधी विचारावं.