केंदाळ काढलं तरी पाणी हिरवंच का राहतंय?

केंदाळ म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, जांभळी फुलं, फुगीर देठ, खाली लोंबणारी काळी मुळं. कुणी जलपर्णी म्हणतंय, वनस्पती एकच, मूळची दक्षिण अमेरिकेतली. पण रंकाळ्याचं पाणी हिरवं दिसलं की लगेच ग्रुपवर "परत केंदाळ आलं" असा मेसेज पडतो आणि त्याखाली मशीन लावा, औषध मारा सुरू. अहो ते केंदाळ नाही, शेवाळ आहे, आणि दोन्हींचे उपाय एक नाहीत.

दिसण्यातला फरक लहान पोरालाही कळतो, तो सोडा. खरा घोळ होतो तो इथं: केंदाळ पाण्यावर तरंगतं, शेवाळ पाण्यातच मिसळलेलं असतं. केंदाळानं तळं झाकलं की खाली ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळ दबून राहतं. शिवाय सांडपाण्यातून येणारं नायट्रोजन, फॉस्फरस केंदाळच ओढून घेत असतं. आता ते सगळं काढलं, ऊन थेट आत गेलं आणि नाल्याचं पाणी मात्र तसंच चालू, मग तेच खत शेवाळाला मिळतं आणि थोड्या दिवसांत पाणी हिरवंगार. लोक म्हणतात काम नीट झालं नाही. काम झालेलं असतं, नाला बंद झालेला नसतो. शेवाळाचे कण इतके बारीक की मशीनच्या जाळीत काही सापडत नाही, तिथं एकच इलाज, सांडपाणी अडवणं.

औषध मारा म्हणणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. मेलेलं केंदाळ तळाशी जाऊन कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात आणि कुजलेल्याचं खत परत शेवाळालाच. केंदाळ ओढून बाहेरच काढायचं, आणि काठावर ढीग न लावता लांब न्यायचं, नाहीतर पहिल्या पावसात परत आत. तरी दरवर्षी लक्ष ठेवावं लागतंच, कारण बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. पंचगंगेवर बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले, पाणी थांबलं की केंदाळ पसरतं, पावसाळ्यात वाहून शिरोळकडं जातं, म्हणजे संपलं असं नाही.

शेवाळातही साधं कुठलं आणि नील-हरित कुठलं हे ओळखायला मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी वापरतो. हातात ग्लोव्हज घालून पाणी भरायचं, झाकण लावून रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी हिरवं खाली बसलं असेल तर बहुतेक साधं. वर रंगासारखा जाड हिरवा थर आला तर नील-हरित असण्याची शक्यता जास्त. त्यातल्या काही जाती यकृतावर परिणाम करणारं विष तयार करतात आणि पाणी उकळून ते जात नाही. असा थर दिसला तर त्या पाण्यावर म्हशी सोडू नका, पोरांनाही उतरू देऊ नका.